आधी ज्वारी, मग मेंढा

याडी कुणालाच नमस्कार करत नसे. ती आधी पाठीवर हात ठेवायची. शेवटच्या बरगडीच्या मागं, मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोटं रुतवून एकदा दाबायची, आणि मगच काय ते बोलायची. मेंढीला तसंच, बकरीला तसंच, माहेरी आलेल्या लेकीलाही तसंच. पहिल्या भेटीत मी तिच्या अंगणात वाकून बुटाची नाडी सोडत होतो, तेवढ्यात तो हात माझ्या शर्टावर पडला. "हाडच लागून नाई राह्यलं," ती बाजूला बसलेल्या बायांना म्हणाली. "डाक्टर, तू मेंढी असता तं तुले मी महिनाभर नुसत्या चाऱ्यावर ठेवलं असतं. इतकी चरबी चढली का मेंढी फळत नाई."

बाया हसल्या. मीही हसलो, कारण तिथल्या जनावरांच्या दवाखान्यातला माझा पहिलाच दिवस होता आणि पहिल्याच दिवशी रुसून बसणं बरं दिसलं नसतं. त्यानंतर मात्र मी तिच्याकडं पाठ करून कधी वाकलो नाही.

आमचं घराणं यवतमाळ शहरातलं आणि तीन पिढ्या कचेरीतलं. आजोबा कारकून, वडील हेडक्लार्क, काका वकील. घरात गाय होती ती फक्त कॅलेंडरवर. त्या घरात मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक झालो, तेव्हा वडिलांनी आठ दिवस नातेवाइकांना नुसतं "सरकारी नोकरी लागली" एवढंच सांगितलं. खेड्यात पर्यवेक्षकालाही डॉक्टरच म्हणतात. मी कुणाची ही चूक कधी सुधारली नाही.

माझ्याकडं बोरी अरबच्या आसपासची गावं होती, आणि त्यातच याडीचा तांडा. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. रेशनकार्डावर तिचं दुसरंच नाव होतं, पण ते वाचायची वेळ फक्त दुकानदारावर यायची. तांड्यात बकऱ्या घरोघरी होत्या. मेंढ्या मात्र एकट्या याडीकडं. नवऱ्यानं कधीकाळी वाटेनं जाणाऱ्या धनगराकडून दोन मेंढ्या घेतल्या, नवरा गेला, मेंढ्या राहिल्या आणि वाढल्या. मी गेलो तेव्हा तेवीस होत्या. घरात याडी, मुलगा संतोष आणि सून कविता.

मी सुरुवातीला तिला "याडी, तुम्ही" म्हणायचो. तिनं दोन-तीनदा ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले एक सांग. याडी म्हनतो, आन मंग तुमी म्हनतो. मायले कोनी तुमी म्हनते का बे? एक कायतरी ठेव." मी याडी ठेवलं.

तांड्यावर माझं पहिलं भाषण झालं ते मेंढ्यांच्या खुराकावर. माझ्याकडं एक रंगीत तक्ता होता. गाभण मेंढीला शेवटचे दीड-दोन महिने जादा खुराक द्या, म्हणजे पिल्लू वजनदार होतं, असं त्यावर लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. मी तक्ता लिंबाला टांगून चांगला अर्धा तास बोललो. याडी खाली बसून बाभळीच्या शेंगा निवडत होती.

"तवा तं द्याचंच असते," माझं झाल्यावर ती म्हणाली. "पन डाक्टर, पिल्लाचं घर पह्यल्याच महिन्यात बांधून होते. तवा माती नसन, तं मंग वरून टीन आनून काय करता?"

मी तक्त्याकडं पाहिलं. पहिल्या महिन्याबद्दल त्यावर काहीच नव्हतं.

तिची पद्धत अशी. उन्हाळ्यात मेंढ्या वाळून जायच्या. रान उघडं, चारा नाही, चालणं फार. अशा मेंढीला ती मेंढा लागू द्यायची नाही. मेंढ्याच्या पोटाखाली गोणपाटाचं फडकं बांधायची, असं की त्यानं कितीही हौस केली तरी उपयोग शून्य. पोरं त्याला मेंढ्याची चड्डी म्हणायची. तो बिचारा काळ्या तोंडाचा मेंढा ते फडकं घेऊन तांडाभर फिरायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर नेमका तो भाव असायचा जो बदलीचा अर्ज नामंजूर झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो. तीन आठवडे याडी मेंढ्यांना रोज भिजवलेली ज्वारी, सरकीची ढेप, बाभळीच्या शेंगा खाऊ घालायची. रोज संध्याकाळी प्रत्येकीच्या पाठीवरून हात. हाड बोटाला टोचेनासं झालं की मगच फडकं सुटायचं. जी मेंढी भरली नसेल तिला वेगळी बांधायची. "आधी ज्वारी, मंग मेंढा," ती म्हणायची, "उलटं केलं का कोकरू बी उलटंच येते."

मी हे सगळं कौतुकानं पाहायचो आणि मनातल्या मनात त्याला 'म्हातारीची समजूत' असं नाव द्यायचो.

दुसऱ्या वर्षी मी माझी अक्कल वापरायचं ठरवलं. सरकारी प्रक्षेत्रावरून एक सुधारित जातीचा नर काही दिवसांसाठी मिळत होता. चांगला उंच, रुंद पाठीचा, रुबाबदार. वैशाखाच्या शेवटी तो माझ्या वाट्याला आला, पंधरा दिवसांसाठी. मग तो पुढच्या गावाला जाणार होता. मी त्याला गाडीतून उतरवून याडीच्या अंगणात आणला, तेव्हा मी नवरदेवाचा मामा असल्यासारखा चालत होतो.

याडीनं नराच्या पाठीवर हात ठेवला. "बेस हाये," म्हणाली. "आता याले घेऊन जाय. तीन हप्त्यानं आन."

"तीन आठवड्यांनी तो इथं नसेल, याडी."

"मंग नसू दे. माह्या मेंढ्या पाह्य ना. करवतीवानी पाठी झाल्या हायेत."

"खुराक मी देतो. आजपासून. पाच महिने रोज देतो, मग तर झालं?"

"आजपासून नाई. तीन हप्ते पह्यले पाह्यजे होता."

"अगं, शास्त्र असं सांगतं की..."

"तुह्या शास्त्रानं कधी मेंढीच्या पाठीवर हात ठेवला का?"

मी हट्टाला पेटलो. असा नर पुन्हा मिळणार नाही, पिल्लं दुप्पट वाढतील, सगळा तांडा पाहत राहील, वगैरे. शेवटी ती उठली आणि कळपातून मेंढ्या बाजूला काढायला लागली. "तू याडी म्हनतो म्हून देतो. ह्या अकरा तुह्या. बाकीच्या बारा माह्या."

माझ्या अकरा मेंढ्यांना मी दुसऱ्याच दिवसापासून खाऊ घातलं. स्कूटरवर पायाशी ढेपेचं पोतं ठेवून मी स्वतः तांड्यावर जायचो. पावसाळा लागला, रान हिरवं झालं, मेंढ्या अशा भरल्या की त्यांच्यात आणि माझ्यात साम्य दिसू लागलं. इकडं याडीनं तिच्या बारा मेंढ्या तीन आठवडे जेवू घातल्या, मग आषाढात आपल्या काळ्या तोंडाच्या मेंढ्याचं फडकं सोडलं.

माझी पिल्लं दिवाळीच्या सुमाराला यायची होती. ती आठ-दहा दिवस आधीच पडायला लागली. आया गुटगुटीत आणि पिल्लं अशी की अंगावर लोकर धड नाही, पाय उभे राहत नाहीत, दूध ओढायची ताकद नाही. निम्मी दोन दिवसही जगली नाहीत. मी कारणं शोधत होतो. पाणी, ताप, जंत, नराचं रक्त. याडी मेलेलं कोकरू उचलून नेताना नुसती "च्च" करायची. "मी सांगतलं होतं" हे तीन शब्द ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

त्या दिवसांतलीच एक दुपार. कविता ओसरीवर बसून असंच एक अपुऱ्या दिवसांचं कोकरू मांडीवर घेऊन बाटलीनं बकरीचं दूध पाजत होती. ती फारशी बोलायची नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोनदा दिवस राहून दोन्ही वेळा सातव्या महिन्यात सगळं संपलं होतं. तांड्यातली चार माणसं आता संतोषसाठी दुसरी पाहा म्हणत होती. याडी त्यांना हाकलायची, पण ती पुन्हा यायची. अजून एकदा तसं झालं असतं तर कविताचं त्या घरात काय राहिलं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तिला सगळ्यांत जास्त.

"डाक्टरसाहेब," तिनं मान वर न करता विचारलं, "याच्या मायले तुमी मंग लय खाऊ घातलं ना जी?"

"हो ना. रोज. म्हणून तर कळत नाही."

"मले बी घातलं," ती म्हणाली. "दोन्ही डाव. दिवस गेले म्हून समजलं तवापासून याडीनं मले कामाले हात नाई लावू देल्ला. डिंकाचे लाडू केले. दूध देल्लं. पन ऊसावरून आलो तवा मी बी अशीच होतो ना जी. ह्या तुमच्या अकरा मेंढ्यायसारखी."

दर वर्षी दिवाळी झाली की संतोष आणि कविता ऊसतोडीला जायचे. पहाटेपासून कोयता, डोक्यावर मोळ्या, आणि जेवण उरेल ते. चैत्रात परत यायचे तेव्हा कविताच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. घरी आल्यावरही ती ताटावर बसायची शेवटी. आधी संतोष, मग पाहुणेरावळे, मग याडी, मग भांड्याच्या तळाशी जे असेल ते आणि कविता. यात याडीचा जाच नव्हता. तीही सून होती तेव्हा तशीच जेवली होती. दिवस राहिले की मात्र सुनेचं राज्य सुरू व्हायचं. म्हणजे माझ्या तक्त्यासारखंच. फक्त तक्ता नव्हता.

याडी दारात उभी होती. तिनं ऐकलं. मग आत न जाता ओसरीवर आली, कविताच्या मागं बसली आणि तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. लेकीच्या पाठीवर तो हात मी पुष्कळदा पाहिला होता, सुनेच्या पाठीवर पहिल्यांदाच पाहिला. तिनं दाबून पाहिलं आणि हात तिथंच राहू दिला.

"यंदा तू ऊसावर नाई जात," ती म्हणाली.

"मंग हे एकटे..."

"थो बी नाई जात. त्याले वणीले धाडतो."

त्या संध्याकाळी पहिली भाकरी कवितापुढं आली. ती घेईना. सासूच्या, नवऱ्याच्या आधी कसं खायचं, लाज वाटते म्हणाली. याडी म्हणाली, "माह्या मेंढ्या लाजत नाईत," आणि समोर बसून राहिली. हे रोज चाललं. शेंगदाणे, ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंडं, पालेभाजी. आशाताईकडून रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या, आणि त्याही याडी स्वतःसमोर गिळायला लावायची. मी दारव्ह्याच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आलो होतो. त्या म्हणाल्या होत्या, म्हातारी बरोबर सांगते, दिवस राहायच्या आधीच अंगात रक्त हवं.

आणि संतोष? त्याला खरोखरच वणीला पाठवलं. तिथं कोळशाच्या ट्रकवर याडीचा भाचा होता. "होळीले ये," याडी म्हणाली, "त्याच्या आधी तांड्याच्या वाटेले दिसू नोको." हा पंचवीस वर्षांचा गडी बसस्टँडवर पिशवी घेऊन उभा होता, तेव्हा मी तिथं भेटलो. त्यानं इकडं-तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "डाक्टर, याडीनं मले बी फडकं बांधलं ना!"

मी त्याचं सांत्वन करायचा प्रयत्न केला, पण हसू आवरेना. शेवटी तोही हसला. बस सुटली.

मला मात्र याडीनं सोडलं नाही. एक दिवस ज्वारी भिजवता भिजवता तिनं विचारलं, "तुह्या घरी कोन आधी जेवते?"

"आम्ही सगळे एकत्रच बसतो," मी ताबडतोब सांगितलं. शिकलेली माणसं ना आम्ही.

घरी जाऊन पाहिलं. बसायचो एकत्रच. पण सुनंदा, म्हणजे माझी बायको, बसायची आणि उठायची. पोळी आणायला, लोणचं आणायला, दाराची बेल वाजली म्हणून. आमची जेवणं आटोपली की ती खरी बसायची, गार पोळी आणि कढईला लागलेली भाजी घेऊन. वीस वर्षं मी तिच्यासमोर बसून जेवलो आणि हे मला दिसलं नव्हतं. त्या दिवशी मी उठलो, पहिली पोळी तिच्या ताटात वाढली आणि म्हणालो, तू जेव, मी करतो.

ती माझ्याकडं पाहत राहिली. "काय झालं?" म्हणाली. "पुन्हा बदली?"

माझ्या त्या दिवसाच्या पोळ्यांविषयी आमच्या घरी आजही बोललं जातं, म्हणून इथं नको.

मार्गशीर्षात याडीच्या बारा मेंढ्या व्याल्या. पिल्लं पुऱ्या दिवसांची, व्याल्यावर घटकाभरात उभी राहणारी. फक्त एक गेलं. त्यांना पावसाळी चाराही मिळाला होता, हे मला मान्य आहे. मी त्यातही पळवाट शोधून पाहिली. पण पुढं एका प्रशिक्षणात एका तरुण मास्तरांनी पडद्यावर चित्र दाखवून समजावलं, की गर्भ राहण्याच्या आगेमागे मेंढी उपाशी असेल तर पिल्लाला पोसणारी वार नीट बनत नाही, पिल्लू वेळेआधी येऊ शकतं, आणि मागाहून घातलेला खुराक ती कसर पुरती भरून काढत नाही. सगळे लिहून घेत होते. मी वहीत फक्त 'याडी' असं लिहिलं आणि वही मिटली.

संतोष होळीला आला. याडीनं कविताच्या पाठीवर हात फिरवला आणि काही बोलली नाही, म्हणजे परवानगी. वैशाखात कळलं की दिवस राहिले. मग मोजणी सुरू झाली. कुणी उघड मोजत नव्हतं. याडीनं त्या विषयावर बोलायची सगळ्यांनाच बंदी केली होती. पण दसरा जवळ आला तसं तांड्यावरचं बोलणंच कमी झालं, कारण तो सातवा होता. संतोष पाणी भरायचा, झाडायचा, आणि उगाच मेंढ्यांवर ओरडायचा. मीही काही ना काही कारण काढून तिकडं जायचो. त्या महिन्यात याडीच्या मेंढ्यांना जंतांचं औषध पाजण्यात माझ्याकडून जरा अतिरेकच झाला असावा. कविता मात्र शांत होती. "यंदा घर पक्कं हाये जी," एकदा मला म्हणाली.

सातवा गेला. आठवा गेला. दिवाळीनंतर महिन्याभरानं दारव्ह्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. नर्सबाई बाहेर येऊन म्हणाल्या, पुऱ्या दिवसांची आहे, रडली छान, वजनही चांगलं आहे. संतोष भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी डोळे पुसले आणि धुळीवर खापर फोडलं.

याडी पायरीवर बसली होती. मला वाटलं, आता ही हसेल. तिनं मला शेजारी बसवलं.

"डाक्टर, मंग थे दोघं?"

मला कळलं, पण मी कळलं नाही असं केलं.

"पह्यले दोन. थे मीच उपाशी ठेवले का?"

मी म्हणालो, तसं नसतं याडी. त्याला शंभर कारणं असतात. ऊसतोडीचं काम असतं, आजार असतात, कधी काहीच कारण नसतं. मोठमोठ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. हे सगळं खरं होतं. तरी माझा आवाज मला तक्ता टांगून बोलतानाचा वाटला.

"हाव," ती म्हणाली. "तू म्हनतो तसं असन. पन मेंढीचं मले समजत होतं ना बापा." मग पदर सावरून उठली आणि नातीला पाहायला आत गेली.

पुढं माझी राळेगावला बदली झाली. निरोप द्यायला याडी तांड्याच्या फाट्यापर्यंत आली. एसटी आली तेव्हा मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिनं पाठीवर हात ठेवला. "कमी नाई झालं," म्हणाली. तेवढंच.

गेल्या हिवाळ्यात कविताचा फोन आला. याडी झोपेतच गेली. तेराव्याला मी आणि सुनंदा तांड्यावर गेलो. मांडव घातलेला, वांग्याची भाजी रटरटत होती, पोळ्यांचे ढीग लागले होते. चार गावची माणसं आली होती. आम्ही पुरुष नेहमीप्रमाणे हात धुऊन पंगतीला बसायला निघालो, तर कविता पळी घेऊन वाटेत उभी. तिच्या मागं मुलगी, तिच्या पदराला धरून.

"थांबा जी," ती म्हणाली. "पह्यली पंगत बायांची. नव्या सुनाइची आधी."

एक म्हातारा कुरकुरला. तेराव्याला असं असते का म्हणाला. कविता त्याला म्हणाली, "काका, घरची रीत हाये." संतोषनं त्याच्यासाठी बाज टाकली.

तांड्यातल्या सुना आत आल्या. माना खाली, डोईवर पदर, एकमेकींना ढकलत. नव्या लग्नाच्या तिघी-चौघी तर ताटाला हातच लावेनात. कविता त्यांच्यातून फिरत होती. "घे ना व. लाजू नोको. भात आखीन घे. नाई, इतक्यानं नाई होत." सुनंदा बाहेर माझ्याजवळ उभी होती. कवितानं तिलाही हाताला धरून नेलं आणि त्या पोरींच्या ओळीत बसवलं. ती पन्नाशीची बाई, नको नको म्हणत होती.

आम्ही बाहेर बाजेवर बसलो. मला सपाटून भूक लागली होती, आणि भूक मला कधी लपवता येत नाही. आत पोळ्या जात होत्या, वरणाची बादली फिरत होती, आणि कुणालाही उठायची घाई नव्हती. मांडवाच्या फटीतून मला सुनंदा दिसली. तिनं ताटातलं संपवलं, हात धुवायला उठणार असं वाटलं, आणि तेवढ्यात तिची नजर माझ्याकडं गेली. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, परत मांडी घातली आणि आणखी एक पोळी मागितली.